आईला भेटीची वेळ कशाला?

माझी मुलगी २९ आठवडे पूर्ण झाल्या झाल्या जन्मली, वजन ११५० ग्रॅम. पहिले अकरा दिवस मी तिला फक्त बघितलं. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. हात कोपरापर्यंत धुवायचे, गाऊन घालायचा, काचेच्या पेटीशेजारी उभं राहायचं आणि वेळ संपली की सिस्टर म्हणायच्या, "चला, आता बाहेर थांबा." त्या वाईट नव्हत्या हो, उलट त्यांच्यातल्या दोघी-तिघींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण नियम म्हणजे नियम. बाहेर स्टीलच्या खुर्च्यांची रांग होती, तिथे मी टाके सांभाळत बसायचे आणि दार उघडलं की आतून मशीनचा टिंग टिंग आवाज यायचा आणि दरवेळी वाटायचं हा माझ्याच बाळाचा अलार्म. दारावर पाटी होती, 'भेटण्याची वेळ'. त्या पाटीचा राग यायला मला बरीच वर्षं लागली. तेव्हा वाटायचं बरोबरच असेल, त्यांना कळतं, आपल्याला काय कळतंय.

मला म्हणायचंय ते एवढंच, की एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, आई व्हिजिटर नसते. तिला भेटीची वेळ देणं हीच मुळात चूक आहे. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, म्हणजे भावना आहेच, ती कशी नसेल, पण त्यापलीकडे आता इतका ठोस पुरावा आहे की कमी दिवसांच्या बाळापासून आईला लांब ठेवणाऱ्या हॉस्पिटलने "आमची पद्धत अशी आहे" एवढंच सांगून चालणार नाही. का लांब ठेवताय ते त्यांनी सांगायला पाहिजे.

आधी हा प्रश्न केवढा आहे ते बघा. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली, म्हणजे साधारण दहातलं एक. पाच वर्षांखालची मुलं जगभरात ज्या कारणांनी जातात त्यात कमी दिवसांच्या जन्मातून होणारी गुंतागुंत हे सगळ्यात मोठं कारण आहे. तरी हा विषय कोणी उघडपणे बोलत नाही, प्रेग्नन्सीत तर अजिबातच नाही. बोललं की जणू ते होईलच अशी भीती सगळ्यांना.

मला विचाराल तर 'बाहेर थांबा' हे एनआयसीयूच्या दारापासून सुरूच होत नाही. ते पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होतं. टेस्ट पॉझिटिव्ह आली की बाईला सगळे जण काय सांगतात? आराम कर. जास्त विचार करू नकोस. नेटवर वाचू नकोस. थोडं स्पॉटिंग झालं की पडून राहा. आणि तीसुद्धा पडून राहते, आठवडेच्या आठवडे, कारण बाळासाठी काहीही करायची तिची तयारी असते. पण नुसतं पडून राहिल्याने सुरुवातीचा गर्भपात टळतो किंवा बाळ लवकर व्हायचं थांबतं याला अभ्यासांत आधार मिळालेला नाही, आणि फार दिवस झोपून काढले तर पायात रक्ताच्या गुठळ्या होणं, स्नायू अशक्त होणं, मन खचणं हे मात्र होऊ शकतं. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या विशिष्ट कारणासाठी आराम सांगितला असेल तर तो वेगळा विषय, तो जरूर पाळा. मी सरसकट सांगितल्या जाणाऱ्या बेड रेस्टबद्दल बोलतेय.

आणि ज्या गोष्टी त्या पहिल्या आठवड्यांत खरंच सांगायला हव्यात त्या तिच्यापर्यंत पोचतच नाहीत किंवा फार उशिरा पोचतात. फॉलिक अ‍ॅसिड घ्या हे सगळे सांगतात, पण बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आतच बंद होते, म्हणजे कितीतरी बायकांना आपण प्रेग्नंट आहोत हे कळायच्या सुमारासच, म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून घ्यायची असते, हे किती जणींना माहीत असतं? ज्यांना प्री-एक्लॅम्पसियाचा, म्हणजे प्रेग्नन्सीत बीपी वाढून होणाऱ्या त्रासाचा धोका जास्त आहे त्यांना कमी डोसची अ‍ॅस्पिरिन साधारण १२ ते १६ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करतात, कारण वार (प्लासेंटा) नीट रुजण्याचा काळ तोच असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असा जास्त धोका असलेल्या बायकांमध्ये ३७ आठवड्यांच्या आतला प्री-एक्लॅम्पसिया यामुळे निम्म्याहून जास्त कमी झाला होता. बीपी हाताबाहेर गेलं की बाळ लवकर बाहेर काढावं लागतं, म्हणजे एनआयसीयूतल्या कितीतरी पेट्यांची गोष्ट बाराव्या आठवड्याच्या एका व्हिजिटमध्येच सुरू झालेली असते. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा नाव नोंदवायला गेलेल्या बाईसाठी ती वेळ निघून गेलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत आणि एकूण आठ भेटी असं सांगितलं ते उगाच नाही.

अजून एक गोष्ट, ही मला स्वतःला फार नंतर समजली. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी म्हणजे नुसते बाळाचे ठोके ऐकण्याचा कार्यक्रम नसतो. त्यात बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून तारीख पक्की करतात आणि ती चार-पाच दिवस, फार तर आठवडाभर इकडेतिकडे एवढी अचूक असते. सातव्या महिन्यात स्कॅन करून तारीख काढली तर फरक दोन-तीन आठवड्यांचा पडू शकतो. दिवस भरून बाळ होणार असेल तर याने फारसं बिघडत नाही. पण सहाव्या महिन्यात पाणी गेलं आणि समोर डॉक्टर विचारतायत की नक्की किती आठवडे झालेत, तेव्हा २३ आणि २५ मधला फरक म्हणजे जगण्याच्या शक्यतेत जमीन-अस्मानाचा फरक. फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं का, मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं का, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. माझ्याकडे तो आकडा पक्का होता कारण माझा पहिला स्कॅन दहाव्या आठवड्यात झाला होता. फाईल उघडून डॉक्टर म्हणाले, "एकोणतीस पूर्ण, चला, इंजेक्शन देऊ." दोन डोस चोवीस तासांच्या अंतराने. दुसरा डोस मिळाल्यानंतर ती जवळजवळ दीड दिवस आत राहिली, त्या दीड दिवसाची किंमत मला आता कळते.

या इंजेक्शनची गोष्ट सांगते कारण माझ्या मुद्द्याशी तिचा थेट संबंध आहे. न्यूझीलंडच्या लिगिन्स नावाच्या डॉक्टरांनी मेंढ्यांवर काम करताना पाहिलं की स्टिरॉइड दिलेली कोकरं वेळेआधी जन्मून पण श्वास घेतायत. मग त्यांनी आणि डॉ. हॉवी यांनी १९७२ मध्ये माणसांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले, की आईला हे औषध दिलं तर कमी दिवसांची बाळं वाचतात. सोपं, स्वस्त, दोन-चार टोचण्यांचं काम. आणि अमेरिकेत सगळ्या तज्ञांनी बसून हे सर्रास वापरा असं सांगायला १९९४ उजाडलं. बावीस वर्षं. मधल्या काळात पुरावे साठत होते, फक्त कोणी एकत्र करून बघत नव्हतं. कॉक्रेन म्हणून संस्था आहे, वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासणारी, तिच्या लोगोमधल्या त्या आडव्या रेघा याच इंजेक्शनच्या चाचण्यांच्या आहेत, उशीर झाला की काय होतं त्याची आठवण म्हणून.

आता कांगारू केअर बघा. १९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या हॉस्पिटलात पेट्या पुरत नव्हत्या, एका पेटीत दोन-दोन बाळं, इन्फेक्शनने बाळं जात होती. त्यांनी बाळांना आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून, उभं बांधून ठेवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी डॉ. हेक्टर मार्तिनेस त्यांना येऊन मिळाले. म्हणजे सुरुवात नाइलाजातून झाली आणि म्हणूनच की काय, पुढे कितीतरी वर्षं ही 'पेट्या नसलेल्यांची सोय' समजली गेली. आणि जिथे ती स्वीकारली तिथेही एक अट राहिली, आधी बाळ स्टेबल होऊ दे मग कांगारू. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं ना? मलाही तेच सांगितलं होतं, ती स्टेबल झाली की देऊ तुमच्याकडे.

ही अट एका मोठ्या चाचणीत तपासली गेली. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतली पाच हॉस्पिटलं, १ किलोपासून १.८ किलोपर्यंतची ३२११ बाळं, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एका गटातल्या बाळांना नेहमीसारखं आधी स्थिर होऊ दिलं आणि मग कांगारू केअर दिली. दुसऱ्या गटात जन्मल्यावर लगेच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या छातीवर, आणि आईची खाटच एनआयसीयूच्या आत. पहिल्या गटात सुरुवातीच्या दिवसांत बाळ छातीवर असायचं दिवसातून दीड तास, दुसऱ्या गटात जवळपास १७ तास. २८ दिवसांत पहिल्या गटातली १५.७ टक्के बाळं गेली आणि दुसऱ्या गटातली १२ टक्के. म्हणजे मृत्यू चतुर्थांशाने कमी. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी आधीच थांबवावी लागली, कारण उरलेल्या बाळांना आईपासून लांब ठेवणं आता योग्य नाही असं ठरलं. हे वाक्य मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आवरलं नाही. आईपासून लांब ठेवणं योग्य नाही म्हणून चाचणी थांबवली, आणि मी खुर्चीवर बसून होते अकरा दिवस.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. सगळ्या कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर कांगारू केअर, रोज ८ ते २४ तास. तासच लिहिलेत त्यांनी. आता सांगा, ज्या एनआयसीयूत आईला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास आत सोडतात तिथे ८ तास कुठून आणायचे?

यावर पहिलं उत्तर येतं ते इन्फेक्शनचं. आया बाहेरून जंतू आणतात. मी याची टिंगल करणार नाही, एक किलोच्या बाळाला इन्फेक्शन म्हणजे काय ते मी शेजारच्या पेटीत बघितलंय. पण याच चाचणीत आईजवळ ठेवलेल्या बाळांमध्ये इन्फेक्शनचा संशय कमी आढळला, जास्त नाही. कारण समजून घेतलं की पटतं. बाळाला धोका असतो तो मुख्यतः हॉस्पिटलमधल्या हट्टी जंतूंचा, जे औषधांना दाद देत नाहीत आणि या बाळाकडून त्या बाळाकडे हातांवरून जातात. आई एकाच बाळाला हात लावते. तिच्या त्वचेवरचे साधे जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्ती करतात, आणि तिच्या दुधात नेमक्या त्याच वातावरणाशी लढणारी प्रतिकारशक्ती असते. हात धुणं, खोकला-ताप असेल तर आत न येणं, हे नियम पाहिजेतच आणि कडक पाहिजेत. ते नियम आईलाही लावा की. पण तिला आत येऊ द्या.

काळजीपोटी केलेली गोष्टसुद्धा चुकीची असू शकते हे नवजात बाळांच्या डॉक्टरांना सांगायची गरज नाही, त्यांच्याच इतिहासात ते लिहिलेलं आहे. १९४० नंतरच्या दशकात कमी दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन देत, चांगलाच आहे ना ऑक्सिजन म्हणून, आणि हजारो मुलं आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी जास्त ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, मग पुढच्या काही वर्षांत चाचण्यांनी ते सिद्ध झालं. आज म्हणूनच सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, एका ठराविक पट्ट्यातच ठेवतात आणि डोळ्यांची तपासणी चुकवू नका असं बजावतात (आणि खरंच चुकवू नका, डिस्चार्जनंतरची तारीख असली तरी). ऑक्सिजन देणारे दुष्ट नव्हते. आईला बाहेर बसवणारेही दुष्ट नाहीत. पण पुरावा आल्यावर ऑक्सिजनचा नॉब फिरवला गेला तसं हे दारही उघडायला पाहिजे.

बाराव्या दिवशी संध्याकाळच्या शिफ्टला एक नवीन सिस्टर आल्या. त्यांनी मला बघितलं आणि विचारलं, "कांगारू दिलं का अजून?" मी म्हटलं नाही, ती सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर) आहे. त्या म्हणाल्या, "मग काय झालं?" आणि डॉक्टरांना विचारून आल्या. पुढची पंधरा मिनिटं दोघीजणी नळ्या, वायरी, प्रोब सगळं सांभाळत होत्या आणि मग तिला माझ्या छातीवर ठेवलं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला. पाठीवर बारीक लव होती. कान इतका मऊ होता की दुमडला की दुमडलेलाच राहायचा, मी तो बोटाने सरळ केला. ती माझी तिच्यासाठी केलेली पहिली गोष्ट. मॉनिटरवरचा आकडा सकाळपासून ८८, ९१, ८७ असा वरखाली करत होता, तो हळूहळू ९३ वर आला आणि ९३-९४ वरच राहिला. आधी मधूनच श्वास विसरायची, सगळीच एवढी लहान बाळं विसरतात, मग पायाला टिचकी मारून जागं करावं लागायचं. त्या तासाभरात एकदाही अलार्म वाजला नाही. एका बाळाच्या एका संध्याकाळवरून मी काही सिद्ध करत नाहीये, सिद्ध करायला ती ३२११ बाळं आहेत. पण त्या रात्री दूध काढायला बसले तेव्हा आधीच्या अकरा दिवसांत कधी आलं नव्हतं एवढं दूध आलं.

दुधाचं तर वेगळंच बोलायला हवं. कमी दिवसांच्या बाळाला आईचं दूध हे अक्षरशः औषध आहे, आतड्याला सूज येऊन ते कुजण्याचा जो भयंकर आजार या बाळांना होतो तो आईच्या दुधावरच्या बाळांमध्ये कमी होतो. सुरुवातीला बाळाला मिळतं किती, तर दर दोन तासांनी १ मिली, २ मिली. सिरिंजचा दट्ट्या काढून ती उभी धरायची आणि दूध नळीतून आपोआप खाली उतरतं, बघत राहायचं फक्त. चिकाचे चार थेंब काढायला अर्धा तास लागतो आणि ते चार थेंब पुरतात. पण बाळ दिसत नाही, वास नाही, स्पर्श नाही, बाहेर खुर्चीवर बसून दिवसातून आठ-आठ वेळा पंप लावायचा, आणि मग दूध आटलं की म्हणायचं "आईला दूधच नाही". असं कसं चालेल? आधी तोडायचं आणि मग दोषही तिलाच द्यायचा.

दोषाचं हे ओझं मी बघितलंय प्रत्येकीत. त्या खुर्च्यांवर आम्ही पाच-सहा जणी असायचो आणि बोलणं फिरून फिरून एकाच जागी यायचं, माझंच काहीतरी चुकलं. कोणी जिने चढले म्हणून, कोणी प्रवास केला म्हणून, एकजण तर म्हणाली मी तेव्हा नवऱ्याशी भांडले होते म्हणून. कोणीतरी यांना बसवून नीट सांगायला हवं होतं की कितीतरी वेळा लवकर बाळ होण्याचं कारण सापडतच नाही. जसं सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्मे गर्भातल्या गुणसूत्रांच्या गडबडीमुळे होतात, त्यात आईने काही केलेलं किंवा न केलेलं नसतं. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. आणि तिला आत घेऊन बाळाचं डायपर बदलायला दिलं तर अजून बरं, कारण हाताला काम मिळालं की 'मी काय चुकले' च्या जागी 'आता काय करू' येतं.

दुसरं उत्तर स्टाफचं येतं, आधीच सिस्टर कमी, त्यात या आया पायात पायात. इथे एस्टोनियाचं उदाहरण मला फार आवडतं. टॅलिन शहरात डॉ. अदिक लेव्हिन यांच्याकडे १९७९ मध्ये नर्सेसच पुरेशा नव्हत्या, म्हणून त्यांनी आयांनाच आत घेतलं, चोवीस तास. आया बाळाला पाजणार, पुसणार, तापमान बघणार, आणि नर्स सलाईन, औषधं आणि शिकवणं बघणार. म्हणजे स्टाफ कमी आहे म्हणून आईला बाहेर काढायचं की स्टाफ कमी आहे म्हणूनच आत घ्यायचं? त्यावरून पुढे कॅनडातल्या डॉक्टरांनी पद्धतशीर कार्यक्रम बसवला, आई-बाबा रोज किमान सहा तास आत, राउंडच्या वेळी बाळाची माहिती आईच सांगणार. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ एनआयसीयूंमध्ये त्याची चाचणी झाली, २०१८ मध्ये निष्कर्ष आले, बाळांचं वजन जास्त वाढलं, घरी जाताना अंगावरच्या दुधाचं प्रमाण जास्त आणि आई-बापांचा ताण कमी. सुरुवातीला शिकवायला नर्सचा वेळ जातो हे खरं. पण डिस्चार्जच्या दिवशी घाबरीघुबरी होऊन "याला आंघोळ कशी घालू" विचारणारी आई आणि दोन महिने सगळं हाताने केलेली आई यात कोणाचं बाळ परत अ‍ॅडमिट व्हायची भीती जास्त, ते कोणीही सांगेल.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सतावतो, म्हणून तो टाळत नाही. सगळ्या आयांना थांबता येत नाही. घरी दुसरं लहान मूल आहे, रोजंदारी आहे, सिझरनंतर स्वतःचीच तब्येत धड नाही, बीपी उतरत नाही, काहींना तर त्या काचेजवळ उभं राहणंच सहन होत नाही, छातीत धडधडतं. मग 'आई आत असलीच पाहिजे' हा आणखी एक धोंडा तिच्या गळ्यात बांधायचा का? नाही. म्हणून मी हक्क म्हणतेय, सक्ती नाही. दार उघडं असावं, यायचं की नाही, किती वेळ यायचं ते तिने ठरवावं. आणि छाती फक्त आईचीच लागते असंही नाही, बाबाची चालते, आजीची चालते. माझ्या नवऱ्याने शर्टाची बटणं काढून तिला पहिल्यांदा घेतलं तेव्हा तो हलायलाच तयार नव्हता, दोन तास पाणीसुद्धा मागितलं नाही त्याने. बापांना तर एनआयसीयूत फक्त औषधं आणायला आणि सह्या करायला बोलावतात, त्यांच्यावर पण हा अन्यायच आहे.

आणि एक धोका आधीच सांगून ठेवते. कांगारू केअर फुकट आहे म्हणून कोणी मशीनच्या पैशात काटकसर करू नये. त्या पाच देशांतल्या चाचणीत आईजवळच्या बाळांनाही सीपॅप होता, ऑक्सिजन होता, शिकलेले डॉक्टर-नर्स होते. जे बाळ स्वतः श्वासच घेत नाही किंवा शॉकमध्ये आहे त्याला आधी ते सगळं लागतं, तिथे छातीची ऊब पुरत नाही. मला आई मशीनच्या ऐवजी नकोय, मशीनच्या शेजारी हवीय, खाट टाकून.

खाट म्हटलं की जागेचा आणि पैशाचा प्रश्न येतो, आणि खरा सार्वजनिक प्रश्न तोच आहे. एनआयसीयूचे नकाशे काढतानाच आई गृहीत धरलेली नसते. पेट्या, वॉर्मर, डॉक्टरांचं टेबल, फ्रिज, सगळं नकाशात असतं आणि आईसाठी कॉरिडॉर. नवीन एनआयसीयूला परवानगी देताना दर बाळामागे एक खाट किंवा निदान मागे रेलता येईल अशी एक खुर्ची आत पाहिजे, आयांसाठी बाथरूम पाहिजे, हा नियम सरकारनेच करायला हवा. सरकारी असो की खाजगी. जुन्या ठिकाणी जागा नसेल तर निदान वेळेची पाटी काढा, ती काढायला पैसे लागत नाहीत.

दुसरा प्रश्न सुट्टीचा. बाळंतपणाच्या रजेचं घड्याळ बाळ जन्मल्याबरोबर चालू होतं. बाळ दोन महिने आधी आलं आणि दोन महिने हॉस्पिटलात राहिलं तर रजेतला मोठा भाग त्या खुर्चीवर संपतो, आणि ते घरी येतं तेव्हा, म्हणजे खरी बाळंतपणाची सुरुवात होते तेव्हा, कामावर जायची तारीख समोर येऊन उभी. माझंही हेच झालं. डिस्चार्जला तिचं वजन १९०० ग्रॅम होतं आणि माझ्या रजेचे किती दिवस उरलेत ते मी बोटांवर मोजत होते. ब्रिटनमध्ये याचा वेगळा कायदा २०२३ मध्ये झाला आणि एप्रिल २०२५ पासून लागू आहे, बाळ सलग आठवडाभर किंवा जास्त हॉस्पिटलात असेल तर आई-बाबा दोघांनाही नेहमीच्या रजेवर जास्तीत जास्त १२ आठवडे वेगळे मिळतात. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने तर रजा मोजायची ती आई आणि बाळ यांच्यातलं जे नंतर घरी जाईल त्याच्या डिस्चार्जपासून, असं म्हटलं, २०२० मध्ये आधी तात्पुरतं आणि २०२२ मध्ये कायमचं. किती सरळ विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या त्याच कागदात रजेच्या धोरणात अशा पालकांची वेगळी गरज धरा असंही लिहिलंय. म्हणजे एका बाजूला रोज ८ तास छातीवर ठेवा सांगायचं आणि दुसऱ्या बाजूला रजा संपली म्हणून कामावर बोलवायचं, हे एकत्र कसं जमणार?

मला कोणी विचारलं की सामान्य माणसाने यात काय करायचं, तर मी म्हणते विचारा. आणि बाळ पेटीत गेल्यावर नको, तेव्हा विचारण्याचं त्राण नसतं. हॉस्पिटल ठरवताना, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच विचारा. इथे एनआयसीयू आहे का, किती आठवड्यांपर्यंतची बाळं सांभाळता, त्याहून लहान असेल तर कुठे पाठवता (पोटात बाळ असताना आईला हलवणं हे जन्मल्यावर बाळाला हलवण्यापेक्षा कधीही सुरक्षित), आणि आईला आत किती वेळ थांबता येतं. ३७ आठवड्यांच्या आत ठराविक अंतराने पोट कडक होणं, कंबर सारखी भरून येणं, खाली दाब वाटणं, पाण्यासारखं जाणं यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता जायचं, हे पण त्याच वेळी समजून घ्या.

माझी एक मैत्रीण आता अकरा आठवड्यांची प्रेग्नंट आहे. मागच्या आठवड्यात तिने तिच्या हॉस्पिटलच्या काउंटरवर हे सगळे प्रश्न विचारले. पहिल्या तिन्हींची उत्तरं लगेच मिळाली. चौथ्याला समोरची मुलगी थांबली, म्हणाली, "असं आत्तापर्यंत कोणी विचारलं नाही हो मॅडम, आत विचारून सांगते." आतून अजून काही सांगितलेलं नाही. गुरुवारी तिची सोनोग्राफी आहे, तेव्हा ती परत विचारणार आहे, आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे.